माळरानावरील बिनतारी मोटार : तिची सिद्धता व सुधारणा

दोरी, तार किंवा सांखळी यांपैकीं कशाचाहि संबंध नसतां, दूर उभ्या असलेल्या मुलाच्या हातांतील पेटीच्या इशाऱ्यानें धांवणारी, वळणारी व थांबणारी लहान मोटार आजकाल पुष्कळ विद्यार्थ्यांच्या परिचयाची झाली आहे. तिच्या अनेक जातींपैकीं खडकाळ व ओबडधोबड जमिनीवर चालणारा, बॅटरीवरील ट्रक हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. असा ट्रक पेटींतून काढून चालूं केला कीं काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक काम तेथूनच सुरू होतें. जमीन पाहून त्याची जुळणी कशी करावी, कोणता भाग आधीं बदलावा व कोणता मुळींच बदलूं नये, हें समजलें तर ह्या एका खेळण्यांत पदार्थविज्ञानाचीं कित्येक प्रकरणें हातानें शिकतां येतात. न समजलें तर पालकांचा पैसा वायां जातो, आणि निष्काळजीपणा झाल्यास घरास आगहि लागूं शकते. म्हणून हा विषय आम्ही येथें क्रमानें मांडीत आहों.

जमिनीची निवड

उदाहरणासाठीं आम्हीं राळेगणसिद्धीची जमीन घेतली आहे. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यांतील हें गांव अवर्षणाच्या पट्ट्यांत येतें. तेथें वर्षाकाठीं सरासरीनें ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. काळ्या खडकाच्या टेकड्या, त्यांवर मुरुमाचा पातळ थर, उतारावर सुटे धोंडे व पायथ्याशीं काळी माती, असे जमिनीचे नाना प्रकार अशा गांवीं थोड्या अंतरांत पाहावयास मिळतात. खेळण्याच्या ट्रकाची परीक्षा पाहण्यास याहून चांगलें मैदान कोणतें?

परंतु हें गांव निवडण्यास दुसरेंहि कारण आहे. १९६५ च्या युद्धांत खेमकरण आघाडीवर लष्करी ट्रक चालविणारे अण्णा हजारे १९७५ सालीं सैन्यांतून निवृत्त होऊन ह्या आपल्या गांवीं परतले. त्या काळीं गांवांत पिण्याच्या पाण्याचीहि टंचाई होती. अशा वेळीं अधिक खोल विहीर व अधिक जोरदार पंप हा उपाय कोणासहि प्रथम सुचला असता. गांवानें तसें केलें नाहीं. श्रमदानानें उतारावर चर खणले, ओघळींस बांध घातले, पाझर तलाव दुरुस्त केला, झाडें लावलीं, आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. धांवणारें पाणी अडलें, अडलेलें जिरलें, आणि मग विहिरींस पाणी आलें. आधीं धरावें, मग ओढावें, हा ह्या कामाचा मथितार्थ होय. आमच्या छोट्या ट्रकाच्या सुधारणेचाहि नियम हाच आहे. जागच्या जागीं गरगर फिरणारें चाक आणि उतारावरून वाहून जाणारें पाणी, दोन्ही सारखींच व्यर्थ.

आज्ञेचा प्रवास

बिनतारी लहरींनीं यंत्र चालविण्याची कल्पना नवी नाहीं. १८९८ सालीं निकोला टेस्ला ह्या संशोधकानें न्यूयॉर्क येथें मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें पाण्याच्या हौदांत एक लहान नौका सोडून ती दुरून चालवून दाखविली. ती नौका बॅटरीवर चालत असे. आपला ट्रक हा तिचाच जमिनीवरील वंशज होय.

चालकाच्या हातांत असतो तो ट्रान्समीटर व गाडींत असतो तो रिसीव्हर. रिसीव्हर आलेली आज्ञा दोघांस पोंचवितो. पहिला स्पीड कंट्रोलर. तो मोटारीस किती वीज द्यावी हें ठरवितो. दुसरा सर्व्हो, तो पुढचीं चाकें वळवितो. पूर्वीं ह्या कामीं २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरीत. त्यांची लांबी सुमारें ११ मीटर. दोन मुलांच्या गाड्या एकाच लहरीवर असल्या तर एकाच्या आज्ञेनें दुसऱ्याची गाडी वळे. आतां बहुतेक गाड्यांत २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे अवघ्या साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या लहरी असतात, आणि प्रत्येक ट्रान्समीटर आपल्याच रिसीव्हरशीं जोडलेला असतो. मात्र ह्या आंखूड लहरी टेंकाडाआड फारशा वळत नाहींत. म्हणून चालकानें उंचवट्यावर उभें राहावें, आणि गाडी नजरेआड होऊं देऊं नये.

येथें एक नियम पाठ करावा. चालूं करतांना आधीं ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करतांना आधीं गाडी, मग ट्रान्समीटर. हा क्रम उलटा झाला तर मालकाविना गाडी उधळण्याचा संभव असतो. खेळापूर्वीं एक परीक्षाहि घ्यावी. गाडी विटेवर ठेवून चाकें अधांतरीं करावीं, मोटार हळू फिरवावी, आणि ट्रान्समीटर बंद करावा. मोटार तत्काळ थांबली पाहिजे. न थांबल्यास ती गाडी त्या दिवशीं माळावर नेऊं नये. रिसीव्हरची योजना पुस्तिकेबरहुकूम पुन्हां लावावी.

चाक, स्प्रिंग व तोल

गाडी जमिनीस स्पर्श करते ती केवळ चार लहान ठिकाणीं. म्हणून सिद्धतेचा आरंभ टायरांपासून करावा. मुरुमावरील बारीक खडे चाकाखालीं छऱ्यांसारखे फिरतात व पकड सुटते. तेथें मऊ रबराचे व जवळजवळ गुठळ्या असलेले टायर उपयोगी पडतात. ओल्या काळ्या मातींत हेच टायर चिखलानें भरून गुळगुळीत होतात. तेथें गुठळ्या विरळ व उंच हव्यात. टायर धांवेच्या कडेस नीट चिकटलेला आहे कीं नाहीं हें बोटानें दाबून पाहावें. सैल टायर आंतल्या आंत घसरतो व शक्ति खातो.

त्यानंतर शॉक अ‍ॅब्सॉर्बर. ह्यांत स्प्रिंग धक्का झेलते, आणि नळींतील तेल स्प्रिंगेच्या उसळीस आवर घालतें. गाडी हातानें दाबून सोडावी. ती एकदां वर येऊन स्थिर झाली तर तेल योग्य आहे; दोनतीन वेळां उसळली तर तें पातळ आहे; सावकाश, आळसावल्यासारखी उठली तर दाट आहे. उष्णतेनें तेल पातळ होतें, हें ध्यानांत ठेवून वैशाखांत किंचित् दाट तेल घालावें. नळी भरतांना आंत हवेचे बुडबुडे राहूं देऊं नयेत, नाहीं तर चारहि चाकें निरनिराळीं वागतात. धोंड्यांच्या उतारावर चाक खालीं लोंबकळूं शकलें पाहिजे, म्हणजे एक चाक दगडावर चढलें तरी उरलेलीं तीन जमीन सोडीत नाहींत.

आतां तोलाचा हिशेब पाहूं. समजा, डाव्या व उजव्या चाकांत ३०० मिलिमीटर अंतर आहे, आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० मिलिमीटर उंच आहे. आडव्या उतारावर गाडी केव्हां कलंडेल? निम्म्या रुंदीस उंचीनें भागावें : १५० भागिले १००, म्हणजे १.५. ज्या कोनाची स्पर्शज्या १.५ तो कोन सुमारें ५६ अंशांचा. आतां ऐटीसाठीं गाडी ३० मिलिमीटर उंच केली. भागाकार झाला १.१५, आणि कोन उतरला ४९ अंशांवर. केवळ तीन सेंटिमीटरांनीं सात अंश गेले! म्हणून बॅटरी शक्य तितकी खालीं बसवावी, आणि उंची गरजेपुरतीच ठेवावी.

दांत्यांचें गणित

मोटारीच्या आंसावरील लहान दातेरी चाकास पिनियन व त्यास लागून फिरणाऱ्या मोठ्या चाकास स्पर म्हणतात. समजा, पिनियनास २० दांते व स्परास ८० दांते आहेत. प्रमाण चारास एक. गाडीच्या पोटांतील दांत्यांचें प्रमाण तिनास एक धरलें, तर मोटारीच्या १२ फेऱ्यांस चाकाची एक फेरी होईल. मोटारीवर ३००० हा आंकडा लिहिलेला असल्यास त्याचा अर्थ असा, कीं भार नसतां दर व्होल्टास ती मिनिटांत ३००० फेऱ्या करते. ७.४ व्होल्टांवर २२,२०० फेऱ्या होतील. चाक १,८५० वेळां फिरेल. टायराचा व्यास ११० मिलिमीटर असल्यास एका फेरींत गाडी सुमारें ३४.६ सेंटिमीटर जाते. यावरून वेग निघतो ताशीं सुमारें ३८ किलोमीटर. प्रत्यक्षांत घर्षण व भार यांमुळें तो कमी भरतो.

कित्येक जण ह्याच गाडीस १३२ मिलिमीटरांचे मोठे टायर लावतात आणि मोटार जळाली म्हणून तक्रार करतात. व्यास सव्वापटीच्या जवळ, म्हणजे १.२ पट झाला, कीं तेवढ्याच ओढीसाठीं मोटारीवरील भारहि १.२ पट होतो. त्यावर उपाय स्वस्त आहे : पिनियनाचे दांते तितक्याच प्रमाणांत कमी करावे, म्हणजे २० ऐवजीं १६ किंवा १७ दांत्यांचा पिनियन बसवावा. तो बसवितांना दोन चाकांच्या दांत्यांमध्यें कागदाची पट्टी घालून मोटार घट्ट करावी व मग पट्टी काढून घ्यावी. जेवढी फट राहते तेवढी पुरेशी. फार घट्ट बसविल्यास मोटार तापते. फार सैल बसविल्यास दांते झडतात.

मोटारीची उष्णता ८० अंश सेल्सिअसच्या वर जाऊं देऊं नये. हिंवाळ्यांत हवा २० अंश असतां मोटारीस ६० अंशांची सवलत असते. उन्हाळ्यांत हवा ४० अंशांवर गेली कीं तीच सवलत ४० वर येते. म्हणून चैत्र-वैशाखांत दहा मिनिटें गाडी चालवावी व दहा मिनिटें सावलींत विसांवा द्यावा. दुसरी बॅटरी तयार असली तरी मोटार निवेपर्यंत ती जोडूं नये.

बॅटरी : शक्तीचें कोठार व धोक्याचें ठिकाण

ह्या गाड्यांत दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या प्रत्येक घटाचा दाब १.२ व्होल्ट असतो व असे सहा घट मिळून ७.२ व्होल्ट होतात. लिथियम पॉलिमर जातीच्या एका घटाचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, दोन घटांचे ७.४ व्होल्ट, तीन घटांचे ११.१.

७.४ व्होल्ट व ५,००० मिलिअँपिअर-तास एवढ्या बॅटरींत ३७ वॅट-तास ऊर्जा सांठते. ही ऊर्जा कितीशी? काडीचाहि अपव्यय न होतां ती सर्व वर चढण्यांत खर्च झाली, तर अडीच किलो वजनाचा ट्रक सुमारें ५,४०० मीटर उंच चढेल. आपल्या जिल्ह्यांतील कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे त्याच्या तिप्पटीहून अधिक! परंतु माळावर हीच बॅटरी अर्ध्यापाऊण तासांत रिती होते आणि ट्रक एखादी टेकडी चढलेला असतो. उरलेली शक्ति कोठें गेली? चाक घसरण्यांत, मातींत रुतण्यांत, गाडी पुन्हां पुन्हां थांबवून पळविण्यांत व मोटार तापण्यांत. शक्तीचा तुटवडा नव्हता. शक्ति धरून ठेवण्याची सोय नव्हती. पाऊस पडूनहि कोरडें राहणाऱ्या गांवाची कथा याहून निराळी नाहीं.

लिथियम बॅटरीचे नियम मुलांनीं पालकांसमक्ष पाठ करावे. तिच्यासाठींच केलेल्या चार्जरनेंच ती भरावी. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअर प्रवाहानें भरावी. तास-सव्वा तास लागतो. घट ४.२ व्होल्टांच्या वर भरूं नये, व सुमारें ३.२ व्होल्टांच्या खालीं उतरूं देऊं नये. कांहीं दिवस वापरावयाची नसल्यास ३.८ व्होल्टांवर ठेवावी. भरतांना ती फरशीवर किंवा मातीच्या कुंडींत ठेवावी. अंथरूण, कडबा, कागद जवळ नसावेत. शेजारीं कोरड्या वाळूची बादली असावी. आणि कोणी तरी जागें माणूस तेथें असावें. रात्रीं बॅटरी भरावयास लावून निजूं नये. फुगलेली, चेंबलेली अथवा फाटलेली बॅटरी कितीहि महाग असली तरी पुन्हां वापरूं नये, व उकिरड्यावरहि टाकूं नये. विजेच्या टाकाऊ वस्तू घेणाऱ्या केंद्राकडे ती द्यावी.

सुधारणेचा क्रम

आतां मुख्य मुद्दा. विद्यार्थ्याच्या हातीं थोडे पैसे आले कीं त्याची पहिली इच्छा मोठी मोटार व तीन घटांची बॅटरी घेण्याची असते. ह्याचा परिणाम पाहा. दाब दीडपट झाला कीं वेगहि जवळजवळ दीडपट होतो. परंतु चालत्या वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें धोंड्यावर आदळण्याचा आघात सव्वादोन पट होतो. मग पुढचा हात मोडतो. तो प्लास्टिकचा म्हणून मोडला असें समजून मुलगा धातूचा हात आणतो. आतां हात मोडत नाहीं. पण तो वांकत नसल्यामुळें सर्व धक्का ज्या भागांत तो बसविला आहे त्या भागास लागतो, आणि तो फुटतो. तो बदलला कीं त्याच्या मागचा. अशा रीतीनें एका मोटारीच्या हौसेपायीं साऱ्या गाडीची किंमत पुन्हां मोजावी लागते. वांकणारा स्वस्त भाग हा गाडीचा दुबळेपणा नव्हे; तो महाग भागांचा रखवालदार आहे.

म्हणून आमचा क्रम असा : पहिल्यानें आंसांवरील प्लास्टिकच्या बुशा काढून बंद बॉल बेअरिंगें घालावीं, खर्च थोडा आणि घर्षणांत बचत मोठी. दुसऱ्यानें जमिनीजोगे टायर. तिसऱ्यानें शॉक अ‍ॅब्सॉर्बरचें तेल व स्प्रिंगा. चौथ्यानें अधिक जोराचा सर्व्हो, कारण जड टायर दगडांत अडकले असतां कमजोर सर्व्होचे दांते तुटतात. पांचव्यानें पिनियनाची निवड. हें सर्व झाल्यावरहि चढ चढवत नसेल तरच मोटार व बॅटरी यांचा विचार करावा. आणि तेव्हांहि स्पीड कंट्रोलर तेवढ्या व्होल्टांचा आहे कीं नाहीं हें आधीं वाचावें. पुष्कळांस असें आढळून येईल कीं पांचव्या पायरीपर्यंत गाडी इतकी सुधारली, कीं सहावीची गरजच उरली नाहीं.

ह्या क्रमांत दोन पथ्यें आहेत. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कोणाचा व दोष कोणाचा हें कळत नाहीं. आणि प्रत्येक बदल वहींत लिहून ठेवावा : तारीख, हवा, जमीन, काय बदललें, त्याच चढास किती वेळ लागला, मोटार किती तापली. अशा वहीचीं दहा पानें भरलीं कीं मुलगा यंत्राविषयीं बोलूं लागतो तें अंदाजानें नव्हे, पुराव्यानें.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच, कीं गाडी घेतांना तिच्या रंगाहून तिचे सुटे भाग मिळतात कीं नाहीं हें आधीं विचारावें. ज्या गाडीचा चार आंगळांचा तुकडा मिळत नाहीं, ती कितीहि स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

माळावरील शिस्त

गाडी चालविण्याची जागाहि विचारानें निवडावी. शेताचा बांध, समपातळी चर, नव्या रोपांचें आळें व पाझर तलावाची भिंत यांवर ती कधींहि नेऊं नये. चाकांनीं उकरलेली माती पहिल्याच वळवाच्या सरींत वाहून जाते, आणि जी ओघळ पडते ती बुजविण्यास पुन्हां कोणाचे तरी हात राबावे लागतात. ज्यांच्या श्रमानें तें पाणी अडलें, त्यांच्या श्रमावर आपला खेळ होतां कामा नये. उजाड पायवाट, खाणीची रिकामी जागा, ओढ्याचें कोरडें पात्र हीं ठिकाणें, मालकाची परवानगी घेऊन, खेळास पुरेशीं आहेत. गुरें व लहान मुलें जवळ असल्यास गाडी थांबवावी. घरीं आल्यावर कोरड्या ब्रशानें धूळ झाडावी. पाण्यांतून गेली असल्यास बॅटरी काढून गाडी वाळवावी व बेअरिंगांस थेंबभर तेल द्यावें.

हें सारें शेवटीं एक खेळणेंच ना, असें कोणी म्हणेल. त्यांस आम्ही पुण्याकडे बोट दाखवितों. तेथील संरक्षण संशोधन संस्थेनें ‘दक्ष’ नांवाची बॅटरीवर चालणारी बिनतारी गाडी तयार केली, आणि २०११ सालीं ती लष्कराच्या हातीं दिली. संशयित बाँबजवळ माणसानें जाण्याऐवजीं ही गाडी जाते, जिने चढते, आपल्या यांत्रिक हातानें ती वस्तु उचलते, आणि चालक शेंकडों मीटर दूर सुरक्षित राहतो. तिच्यांत आहे तें काय? चाकांची पकड, तोल, दांत्यांचें प्रमाण, बॅटरीचा हिशेब, आणि आज्ञा तुटली असतां काय व्हावें ह्याचा आधींच केलेला विचार. माळावरील ट्रकाच्या वहींत जीं प्रकरणें आहेत, तींच येथें एका सैनिकाच्या जिवाशीं जोडलेलीं आहेत.

अभ्यास

१. वरील गाडीस ११.१ व्होल्टांची बॅटरी लावल्यास भार नसतां वेग किती येईल, तें काढा.
२. १३२ मिलिमीटरांचे टायर व १६ दांत्यांचा पिनियन घेऊन तोच हिशेब ७.४ व्होल्टांवर करा, आणि मूळच्या वेगाशीं ताडून पाहा.
३. फळीवर आपली गाडी आडवी ठेवून फळी हळूहळू तिरपी करा. ती किती अंशांवर कलंडते तें मोजा, व त्यावरून गुरुत्वमध्याची उंची काढा. गाडी पडूं नये म्हणून शेजारीं एका मित्राचा हात असूं द्यावा.